बुसानची यादी

उमरगा

प्रिय संघप्रिया,
सप्रेम जयभीम.

आम्ही बुसानला येतो म्हणालो, तर तू यादी पाठवलीस. मासळीबाजार, डोंगरावरची रंगीत घरं, कपडे कुठं घ्यायचे, डुकराच्या रश्शाचा भात कुठं मिळतो, मुक्कामाला कोणतं हॉटेल. मी ती तुझ्या आईला वाचून दाखवली.

"समदं हाय. पोरीचं घर कुठंय ह्यात?"

"खोली लहान असंल."

"मंग खाली झोपू की. का कुनी ठिवलाय घरात?"

माझा संशय वेगळा आहे. तुझ्याबरोबर दोन मराठी मुली राहतात. व्हिडिओ कॉलवर तुझी भिंत दिसते, पण तू इथून नेलेला बाबासाहेबांचा फोटो तिच्यावर नसतो.

मी उमरग्यात भाड्यानं राहायचो तेव्हा तुझे आजोबा लोहाऱ्याहून भेटायला आले. घरात रंगकाम चाललंय असं सांगून मी त्यांना स्टँडजवळच्या लॉजवर ठेवलं. खरं तर घरमालकाला मी खोटं आडनाव सांगितलं होतं. आजोबा एवढंच म्हणाले, "लॉज चांगलाय की." परत कधी आले नाहीत.

त्या मुलींना तू कोणतं आडनाव सांगितलंस?

हे पत्र मी टाकणार नाही. रविवारी तुझा फोन येईल तेव्हा म्हणेन, हॉटेल चांगलं दिसतंय.

तुझा,
बाबा