गेल्याचा रकाना

३ मार्च
निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणाला तरी माझी गरज वाटली! या जुन्या कचेरीच्या इमारतीला शंभर वर्षं झाली. स्मरणिकेसाठी तिचा इतिहास मी लिहायचा. तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. उंच खिडकी, जाड दार, दारावर बाहेरून जुन्या कडीची नुसती भोकं. माझी मावशी इथेच टायपिस्ट होती. घरात तिचं नाव काढत नाहीत. कुणाचा तरी हात धरून पळाली म्हणे. लिफ्टमननं विचारलं, बाई, इथं एकट्याच बसणार? म्हटलं, मग काय वऱ्हाड आणू?

५ मार्च
साठ वर्षांपूर्वी इथे आग लागली होती. त्या दिवसाच्या हजेरीपुस्तकात तीन सह्या ब्लेडनं खरवडल्यात. शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, खोडायचं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. इथल्या साहेबांना तेवढीही लाज नव्हती. पण तिसऱ्या सहीची लांब शेपटी ब्लेडला चुकली. तीच शेपटी मावशीनं मला लहानपणी वाढदिवसाला दिलेल्या पुस्तकांवर आहे. आल्याची सही मावशीची. गेल्याचा रकाना कोरा.

६ मार्च
लिफ्टमनचे वडीलही इथेच लिफ्ट चालवायचे. ते सांगत, टायपिस्ट मुली सारख्या जागेवरून उठतात म्हणून साहेब या खोलीला बाहेरून कडी घालायचे. आगीच्या दिवशीही घातली होती.
आणि आम्ही साठ वर्षं तिला शिव्या घातल्या! आजीनं तिचे फोटो फाडले!
मॅनेजर हसून म्हणाले, मॅडम, ही स्मरणिका आहे, पंचनामा नाही. ‘किरकोळ आग, जीवितहानी नाही’ एवढंच लिहा. म्हटलं, हात झडला तरी लिहिणार नाही.

१० मार्च
मी लिहिलेल्या पानावर तिघींच्या ओळी खरवडलेल्या. मॅनेजर शपथेवर सांगतात, पान पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा लिहिलं. भर दुपारी भिंतीमागे खरखर. ओरडले, हिंमत असेल तर समोर या!

११ मार्च
हजेरीपुस्तकाच्या त्याच जुन्या पानावर चौथी सही. आल्याची. माझी. शाई ओली आहे.

१२ मार्च
बाहेर कडी वाजली. कडी नाहीच तिथे— दार उघडत नाही. हाका मारल्या, कुणी येत नाही. दाराखालून धूर—
खरखर आता टेबलावर. माझी सही पुसली जातेय, डोळ्यांदेखत. ब्लेड दिसत नाही— आता या वहीत. पहिलं पान गेलं—
खरवडा मेल्यांनो, मी लिहीतच राहणार. मावशी पळाली नव्हती. दार बाहेरून