एक शिट्टी म्हणजे भिंत

२ फेब्रुवारी, सकाळी

संकल्प : महिनाअखेर आपल्या गेटपासून बागेपर्यंतचा फुटपाथ सायकलमुक्त करणे.

अवघड काही नाही. आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली. अख्खं मैदान एका शिट्टीत गप्प करत होतो, तिथे फुटपाथवरच्या चार सायकलवाल्यांचं काय घेऊन बसलात!

घटना थोडक्यात. नोव्हेंबरात ही आणि मी बागेत निघालो होतो. मागून सायकल आली. फुटपाथवरून! हँडल हिच्या कोपराला लागलं, ही पडली, मांडीचं हाड मोडलं. सायकलवाला तिथूनच वळून पसार. पिवळं हेल्मेट होतं एवढंच दिसलं, तेही लांबून, कारण मी नेहमीप्रमाणे पुढे होतो. माझी चालच तशी आहे.

ऑपरेशन झालं, आत सळई बसली, हातात काठी आली. डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय, आता बाहेर चालायला हवं, नाहीतर पाय आखडेल. ही घरात चालते. गेटपर्यंत येते. फुटपाथ दिसला की ही परत फिरते.

काल मुलीने फोनवर निकाल दिला. महिनाअखेर आई बाहेर चालायला लागली नाही तर मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार, इथे सोसायटीच्या आत चालायला जागा आहे. विचारलं, मग मी इथे एकटा काय करू? ती म्हणाली, बाबा, तुम्ही मोहिमा करा.

ही गेली तर? तो विचारच नको. मोहीम.

४ फेब्रुवारी

कोपऱ्यावर उभा राहिलो. पांढरी पँट, कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. रिस्पॉन्स उत्तम. शिट्टी वाजली की सगळे जागच्या जागी थांबत होते. सगळे पायी चालणारे होते, ही गोष्ट वेगळी. सायकलवाले त्यांच्यामधून वाट काढत गेले. आज त्यांना जरा सोपंच गेलं.

एक कुत्रं मात्र शिट्टी ऐकून पुढ्यात येऊन बसलं. रक्तातच डिसिप्लिन असावी लागते.

५ फेब्रुवारी

फुटपाथ सुधारेपर्यंत हिची तयारी करून ठेवावी म्हणून घरातल्या पॅसेजमध्ये कवायत सुरू केली. एक शिट्टी : डावीकडे होऊन भिंतीला चिकटणे, तोंड भिंतीकडे. दोन शिट्ट्या : चालू लागणे.

ही म्हणाली, अहो, मला शिट्टी नको. तुम्ही नुसते बरोबर चला. समजावलं की बरोबर चालून काय होणार, सायकल मागून येते. त्यावर ही म्हणाली की तेच तर म्हणतेय. बायकांना लॉजिक शिकवणं हा माझा विषय नव्हे.

तरी करते बिचारी. एक शिट्टी, की काठी सावरून डावीकडे, भिंतीला नाक. सगळ्या नोकरीत इतकी आज्ञाधारक विद्यार्थिनी मिळाली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या बँकेतले लोक शिट्ट्या ऐकून वर आले आणि विचारून गेले, गॅस वगैरे गळतोय का?

८ फेब्रुवारी

फलक रंगवला. लाल अक्षरं : ‘सायकलस्वारांनो, खाली उतरा!’ खांब पुरायला सकाळ गेली. कंबर धरली. पण काय दिसतोय! लांबूनही वाचता येतो.

९ फेब्रुवारी

फलकाला कुणीतरी सायकल साखळीने बांधून गेलंय. कुलूप लावून. म्हणजे उतरला तर खरा. पहिलं यश.

११ फेब्रुवारी

बोलून ऐकत नाहीत त्यांना अडथळाच दाखवावा लागतो. गच्चीतल्या सगळ्या कुंड्या खाली नेल्या आणि फुटपाथवर नागमोडी मांडल्या. पायी चालणारा सहज जातो, सायकल अडकते. इतकं साधं आजवर कुणाला कसं सुचलं नाही?

१२ फेब्रुवारी

सायकल अडकत नाही. उलट त्यांना मजा येतेय. दोघे जण तर मुद्दाम परत परत येऊन कुंड्यांमधून वळणं घेत होते आणि एकमेकांचा वेळ मोजत होते. एकाचा गुडघा वळताना बाहेर जात होता. ‘गुडघा आत!’ असं मी ओरडलो. सवय, दुसरं काय. तो थँक्यू म्हणाला आणि पुढच्या फेरीत त्याचा वेळ सुधारला.

१३ फेब्रुवारी

पोस्टमनची नडगी कुंडीवर आपटली. बाबागाडी ढकलणारी एक बाई कुंड्यांमधून जाता येईना म्हणून भर रस्त्यातून गेली आणि जाताना मला नको ते बोलली. लोकांना एवढी मोठी कुंडी दिसत नाही? चालताना खाली बघायला नको? आधी पायी चालणाऱ्यांनाच ट्रेनिंग द्यायला हवं.

१६ फेब्रुवारी

पालिकेची गाडी आली. कुंड्या उचलल्या, फलक उपटला आणि माझ्या हातात नोटीस ठेवली : फुटपाथवर अडथळा निर्माण करून पादचाऱ्यांच्या जिवाला धोका उत्पन्न केल्याबद्दल. मी! मी अधिकाऱ्याला विचारलं, आणि या सायकली? तो म्हणाला, ते खातं वेगळं. हात टेकले.

ही खिडकीतून बघत होती. कुंड्या हिच्या होत्या. हिने बी लावून, रोज पाणी घालून वाढवलेल्या. संध्याकाळी पाण्याची झारी घेऊन गच्चीच्या दारापर्यंत गेली आणि आठवण झाल्यावर तशीच परत आली.

करायला गेलो एक. असो. मोठ्या कामात थोडं नुकसान होतंच.

१८ फेब्रुवारी

मुलीचा फोन. कपाट रिकामं करून ठेवलंय म्हणे आईसाठी. मी विचारलं, आई काय म्हणते? ती म्हणाली, आई काहीच म्हणत नाही, तुमच्यासमोर कधी काही म्हणायची सोय आहे का?

जेवण गेलं नाही. ही आतल्या खोलीत चालते तेव्हा काठीचा टकटक आवाज येतो. सुरुवातीला त्या आवाजाचा वैताग यायचा. आज तो मधेच थांबला तर मी धावत गेलो. ही नुसती खुर्चीवर बसली होती. विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, बसले. मला फार भीती वाटतेय. हे इथेच लिहितोय, कुणाला सांगण्यासारखं नाही.

१९ फेब्रुवारी

चूक सापडली. आजवर मी एका जागी उभा राहून लढत होतो. शत्रू चाकांवर आहे. पाठलाग करायचा, पिवळं हेल्मेट गाठायचं, हिच्यासमोर उभं करायचं, माफी मागायला लावायची. मग हिची भीती आपोआप जाईल.

हिला व्यायाम द्यायला येणाऱ्या बाईंना योजना सांगितली. त्या म्हणाल्या, काका, त्यांना रोज हाताला धरून दहा पावलं न्या, बाकी काही करू नका. मी विचारलं, तुम्हीही सायकलवरूनच येता ना? फुटपाथवरून की रस्त्यावरून? त्यांनी घाईघाईने माझं ब्लडप्रेशर तपासायला घेतलं.

२० फेब्रुवारी

माझा एक जुना विद्यार्थी सायकल दुरुस्त करतो. त्याच्याकडून सायकल आणली. बजावून म्हणाला, सर, ब्रेक जरा उशिरा लागतात, बेताने चालवा. मी म्हटलं, मी तुला धावायला शिकवलंय. तो म्हणाला, म्हणूनच सांगतोय सर.

हेल्मेट हवंच. शिस्त म्हणजे शिस्त. त्याच्याच दुकानात एकच शिल्लक होतं. पिवळं.

२१ फेब्रुवारी

पाठलाग, दिवस पहिला. सायकलची जागा रस्त्यावर, म्हणून मी रस्त्यावरून. एक बस इतकी जवळून गेली की शर्टाची बाही फडफडली. मग ट्रक. मग उभ्या गाडीचं दार खाडकन उघडलं. हा रस्ता आहे की मौत का कुआँ? चौकापर्यंत फुटपाथवर चढलो. एवढाच अपवाद. माझा हेतू वेगळा आहे.

२३ फेब्रुवारी

पाठलागासाठी फुटपाथच सोयीचा, हे अनुभवाने पटलं. शत्रूही तिथेच असतो. शिवाय मी जपून चालवतो.

पण हे पायी चालणारे! तिघे तिघे हातात हात घालून. कानात वायरी. घंटी वाजवली तरी ढिम्म हलत नाहीत. एका आजोबांना म्हटलं, अहो, जरा कडेने चाला की! त्यांनी काठी उगारली. एका बाईने तर चोराच्या उलट्या बोंबा असं ऐकवलं. पिवळं हेल्मेट बघून लोक काहीही समजतात.

२५ फेब्रुवारी

शत्रू सापडत नाही. पण घंटीवर हात बसलाय आणि वेग सुधारलाय.

ही विचारत होती, रोज सकाळी कुठे जाता? म्हटलं, तुझ्याच कामाला. मग ही म्हणाली, काल गेटबाहेर चार पावलं टाकली, तुम्ही असायला हवे होतात. मी म्हटलं, बघ, मोहिमेचा परिणाम! ही हसली नाही. मला घाई होती, सकाळची गर्दीची वेळ टळली असती.

२७ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी बागेच्या पलीकडून परत येत होतो. उताराला लागलो. पुढे एक म्हातारी बाई काठी टेकत अगदी मधोमध चालली होती. घंटी वाजवली. हलली नाही. पुन्हा वाजवली. मनात आलं, काय ही माणसं, घरात बसवत नाही तर निदान कडेने तरी चालावं! ब्रेक दाबला. लागेना. मग शिट्टी तोंडात घेतली आणि वाजवली. एक.

शिट्टी ऐकून लोक मागे वळून बघतात. सगळेच बघतात. या बाईने बघितलं नाही. काठी सावरली, डावीकडे झाली आणि कंपाउंडच्या भिंतीला चिकटली. तोंड भिंतीकडे.

जगात एका शिट्टीला असं करणारं माणूस एकच आहे.

हँडल हिच्या कोपराला घासून गेलं. त्याच कोपराला. काठी पडली. ही पडली नाही, भिंतीला धरून होती. मी पुढे जाऊन विजेच्या खांबावर आपटून थांबलो. कवायत उपयोगी पडली, असं आधी मनात आलं. मग ते पुढे लिहावंसं वाटेना.

काठी उचलून दिली. गेटपासून एकटी बागेपर्यंत जाऊन परत निघाली होती. म्हणाली, उद्या मुलगी येणार, त्याआधी तुम्हाला दाखवायचं होतं की मी येऊ शकते. जाताना तुम्ही समोरून येताना भेटाल असं वाटलं होतं. मग माझ्या हेल्मेटकडे बघितलं आणि म्हणाली, मागून मला ओळखलं नाहीत?

नाही ओळखलं. लग्नापासून मी पुढे चालतो. ही मागून कशी दिसते, हेच मला माहीत नव्हतं. अंबाड्याचे केस इतके पांढरे झालेत. डावा खांदा उतरलाय. चालताना ही मधून मधून थांबते आणि पुन्हा निघते.

घरी येताना सायकल हातात धरून हिच्या मागून आलो. खूप वेळ लागला. वाटेत रडू आलं. ही पुढे असल्यामुळे दिसलं नाही.

२८ फेब्रुवारी, दुपारी

मुलगी आली. बॅग भरायला सुरुवात केली. ही म्हणाली, राहू दे, मी येत नाही. मुलगी म्हणाली, अगं, पण तुला एकटीला बाहेर... ही म्हणाली, मला काही होत नाही. काल बागेपर्यंत गेले होते. पण यांना इथे एकटं सोडलं तर फुटपाथवरच्या लोकांनी काय करायचं?

मुलीने माझ्याकडे बघितलं. माझ्या कपाळावर खांबाचं टेंगूळ होतं. ती खुर्चीवर बसून हसत सुटली. मग हीसुद्धा हसली, नोव्हेंबरानंतर पहिल्यांदा. खुलासा करण्यासारखं बरंच होतं, पण मी सायकल बाहेर काढली.

सायकल आणि हेल्मेट परत केलं. विद्यार्थ्याने टेंगूळ पाहिलं आणि ब्रेक तपासायला घेतले.

२ मार्च, संध्याकाळी

संकल्प काही नाही.

बागेपर्यंत चाललो. ही पुढे, मी मागे. वेग गोगलगाईचा. ही थोड्या थोड्या वेळाने मागे वळून बघते, मी पायीच येतोय ना म्हणून. मान दुखेल म्हणून सांगितलं, तरी बघते.

शिट्टी आता हिच्या गळ्यात असते. वळणावर हिने मागे बघितलं आणि वाजवली. एक. मी डावीकडे होऊन भिंतीला चिकटलो. मागून एक सायकल सुसाट निघून गेली.

मग दोन शिट्ट्या झाल्या. चालू लागलो.