तो ‘येतो’ म्हणाला होता

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या मिलमधल्या त्या दुपारचा उलगडा मला झालेला नाही. वडिलांना असं पत्र लिहिणं माझ्या स्वभावात बसत नाही, पण लिहिते आहे.

शेठनी नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याची तार ऑफिसच्या टेलिफोनच्या पेटीला जोडून घेतली होती. कुठल्याही टेबलावरचा फोन उचलावा आणि इंटरनेटवरून थेट परदेशात बोलावं. अशा फोनला तेव्हा सरकारी परवानगी नव्हती. ऑफिस मी सांभाळत होते, मला ते पसंत नव्हतं. पण मस्कतला माझा धाकटा भाऊ होता. तुम्ही खटपट करून तुमच्याच टेलिफोन खात्यात लावून दिलेली नोकरी सोडून तो गेला, तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नव्हता. म्हणून, ‘पेटीत खरखर होते, बघून जा,’ असं सांगून मी तुम्हाला बोलावलं.

तुम्ही येता, झाकण काढता, ती नवी तार बोटाने उचलता. “ही कुठे जाते?” मी सांगते. “एवढी शिकलीस ती यासाठी? जन्मभर खात्याचं मीठ खाल्लंय मी.” शेठ हसत मध्ये पडतात, “अरे काका, खाताने क्यां खबर पडवानी? दीकरा साथे वात तो करो!” खात्याला कुठलं कळायला, मुलाशी बोलून तर घ्या, असं त्यांचं म्हणणं. तोवर मस्कत लागलेलं असतं. स्पीकर चालू ठेवून मी रिसीव्हर तुमच्या हातात देते.

आवाज उशिरा पोचत होता. दोघं एकदम बोलायचात, एकदम थांबायचात. तब्येत झाली, हवापाणी झालं. मग तुम्ही विचारलंत, “दिवाळीला येतोस का?” तिकडून काहीच नाही. तुमचा चेहरा उतरला. “बरं, ठेवतो मग,” म्हणालात, आणि तेवढ्यात आवाज आला, “येतो, नाना.” तुम्ही “ये” म्हणालात आणि फोन ठेवलात.

“येतोय तो दिवाळीला!” मी म्हटलं.

“निरोप घेतला त्याने.”

“नाना, आवाज उशिरा येतो. ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर होतं.”

“फोनवर माणसं कशी निघतात, ते मला शिकवू नकोस. आणि या चोरीच्या तारेवर परत लावायचं नाही.”

दिवाळीच्या आधीच तुम्ही गेलात. तो आला, पण दहाव्याला. घर माणसांनी भरलेलं होतं, असली चौकशी करायची ती वेळ नव्हती.

आता तो कायमचा परत आला आहे, पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत बसला आहे. उठून विचारायला कितीसा वेळ लागणार? मिलमध्ये भल्याभल्यांना मी तोंडावर जाब विचारला. हे पत्र कुणाकडे जायचं नाही, म्हणून सांगते. त्याने निरोप घेतला होता, असं तो म्हणाला तरी मी सोसेन. ‘कोणता फोन, ताई?’ असं विचारेल, याचीच मला भीती वाटते.