डोळ्यांना लावायचा टीव्ही

भोसरी,
ता. ४ जानेवारी १९९८

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडची कांद्याची लागण उरकली असेल. पप्पूच्या हाती एक खोकं पाठवलं आहे, ते उघडून घाबरू नकोस. आत एक काळा डबा आहे, त्याला डोक्यावर अडकवायचा पट्टा आहे. तो डोळ्यांना लावला की आत चित्र दिसतं आणि आपण त्या चित्राच्या आतच उभे आहोत असं वाटतं. जपानहून तो आयात करणारा मुंबईचा माणूस त्याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतो. मी आपला सोयीसाठी डोळ्यांना लावायचा टीव्ही म्हणतो.

आता खरी गोष्ट सांगतो, दाजींना इतक्यात बोलू नकोस. पप्पू आणि मी नारायणगावात याचं दुकान टाकायचं म्हणतोय, पाडव्याच्या मुहूर्तावर. पण मुंबईवाल्याची एजन्सी हवी तर मला कंपनीतली नोकरी सोडायला हवी, आणि राजीनामा फेब्रुवारीच्या आत द्यायला हवा. तुला माहीतच आहे, टीव्ही जोडायच्या लाइनवर आठ वर्षं काढली, तेव्हा कुठे कायम झालो. त्यामुळे सकाळी वाटतं सोडावी आणि संध्याकाळी वाटतं माझं डोकं फिरलंय.

डबा महाग आहे. एका डब्याच्या किमतीत दाजींची चांगली दुभती म्हैस येईल. बंगलेवाले घेतीलच असं पप्पू म्हणतो, पण आपल्यासारखी घरं घेतील का, हे मला कुणी सांगत नाही. तुझ्याकडे पहिला टीव्ही आला तेव्हा तुझे सासरे म्हणाले होते की हे खूळ दिवाळीपर्यंत टिकेल. पुढे दर रविवारी सगळी आळी तुझ्या ओसरीवर असायची. म्हणून हा नमुना मी पदरचा घेऊन तुझ्याकडे पाठवलाय. सगळ्यांना लावायला दे आणि काय होतं ते जसंच्या तसं लिही. भावाचं मन राखायला गोड लिहू नकोस. सोबत एकच कॅसेट आहे, चेंडूच्या खेळाची, लाल रेघांची.

तुझ्या लोभाच्या भरवशावर खोकं पाठवलंय, तो कमी करू नकोस.

तुझा,
सुदर्शन


ओतूर,
ता. १६ जानेवारी १९९८

चि. सुदर्शन यास,
अ. उ. आ.

तिळगूळ पप्पूकडे दिला आहे, वाटेत त्याने शिल्लक ठेवला तर मिळेल. यांना बोलू नकोस असं तू लिहिलंस, पण पोस्टमनने पत्र यांच्याच हातात दिलं आणि मला यांनीच ते वाचून दाखवलं. मग दोन दिवस म्हशीच्या पाठीवरून हात जास्त फिरवत होते.

तुझ्या डब्याला यांनी झापड असं नाव ठेवलंय, घाण्याच्या बैलाची असते तशी. पहिल्या दिवशी यांनीच लावला. चेंडू अंगावर आला म्हणून डोकं मागे घेतलं ते भिंतीवर आदळलं. स्नेहलला खेळ छान जमतो, पण तिचं डोकं दुखतं. आणि खरी अडचण वेगळीच आहे. एकाने लावला की बाकीच्यांनी काय करायचं? आम्ही पाचजण बसून यांच्या हनुवटीकडे बघत होतो. मग असं ठरलं की जो लावेल त्याने काय दिसतं ते मोठ्याने सांगायचं. यांनी सांगितलं, लाल आहे, चेंडू आला, चेंडू गेला. तेवढं ऐकून मी भाकरी टाकायला उठले.

म्हणजे चालणार नाही, असंच तुला लिहिणार होते. पण संक्रांतीला नवलच झालं. हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. मामंजी गेल्यापासून यांच्या आई, आत्याबाई, अशा दिवशी माजघराच्या कोपऱ्यात बसतात. पोरींनी गंमत म्हणून डबा त्यांच्या डोळ्यांना लावला. त्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाल्या, पिंपळ दिसतोय. मग गल्ली, मग घोड नदीकडे उतरणारी वाट, कुणाच्या दारात कोणती गाय बांधली आहे तेसुद्धा. सुदर्शन, ते आंबेगाव होतं, आत्याबाईंचं माहेर. डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. त्यांच्या वडिलांच्या घराची तिसरी पायरी फुटकी होती, तिथवर त्या पोचल्या आणि आता बास म्हणाल्या. बायकांच्या हातातलं वाण हातातच राहिलं.

तू तर चेंडूची कॅसेट म्हणाला होतास. हे काय आहे? मला काही उमजत नाही.

वडीलकीची माया आहे ती आहेच, पण उत्तर लवकर धाड.

तुझी अक्का,
इंद्रायणी


भोसरी,
ता. २२ जानेवारी १९९८

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. कॅसेट चेंडूचीच आहे, तिच्यावरचं चित्रही चेंडूचंच आहे. पप्पूचं म्हणणं, खोक्यात चुकून दुसरी गेली असेल. पण आंबेगावची कॅसेट करायला कुठला जपानी आंबेगावात आला होता? पप्पू म्हणतो, धरणाच्या वेळी मोजणीला पुष्कळ लोक यायचे, त्यांत कुणी असेल. मी त्याला वेड्यात काढलं आणि मग रात्रपाळीत दोन तास तोच विचार करत बसलो. तू स्वतः एकदा डबा डोळ्यांना लावून बघ आणि लिही. आणखी कुणाला दिसतं का तेही विचार. माझी सगळी भिस्त तुझ्या अक्षरावर आहे.

आत्याबाईंना माझा नमस्कार सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सुदर्शन


ओतूर,
ता. ५ फेब्रुवारी १९९८

चि. सुदर्शन यास,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं केलं. मी डबा लावला तर आत नुसता काळोख. स्नेहल म्हणाली, आई, तू आंबेगावची नाहीस म्हणून तुला दिसत नसेल. ऐकायला वेडगळ वाटतं, पण दुसऱ्या दिवशी शकुबाई आल्या. त्या आंबेगावच्याच, गाव उठल्यावर लेकीकडे राहायला आल्या. त्यांनी डबा लावला आणि आपला ओटा दिसला म्हणून ढसाढसा रडल्या. आता मी काय समजायचं?

रोज दुपारी जेवणं उरकली की बायका येतात. काल वीस मोजल्या. एक तर घोडेगावहून एसटीने आली होती. आत्याबाई डबा लावतात आणि कालच्या जागेवरून पुढे निघतात. आज सोनाराची आळी, उद्या पाणवठा. पायरीपाशी आल्या की रोज थांबतात. बायका म्हणतात घरात चला, त्या म्हणतात उद्या. मीही भाकरीचा तवा उतरवून ऐकायला बसते. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण आत्याबाईंना एवढं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

डबा कुठे मिळतो असं पाचसहाजणींनी विचारलं. हे सुद्धा कबूल करतात की अशी गर्दी टीव्ही आला तेव्हाच झाली होती. तेव्हा तू विचारलंस त्याचं उत्तर, गोड न करता, असं की घरोघरी लोकांना हे हवंय. का हवंय ते मला सांगता येत नाही.

जपून राहा. जीव लावतोस तसाच लावत जा.

तुझी अक्का,
इंद्रायणी


भोसरी,
ता. १४ फेब्रुवारी १९९८

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. दोनदा उचलून परत ठेवला, खोटं कशाला सांगू. पण वीस बायका रोज येतात म्हटल्यावर आणखी कशाची वाट बघायची? आंबेगाव कसं दिसतं ते मला अजूनही कळलेलं नाही. मुंबईवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, गिऱ्हाईक खूश आहे ना, मग विचारता कशाला. नारायणगावातल्या गाळ्याला पप्पूने निळा रंग लावायला घेतलाय.

दाजींना आता तूच सांग. आशीर्वादाचा हात काढून घेऊ नकोस.

तुझा,
सुदर्शन


ओतूर,
ता. १७ फेब्रुवारी १९९८

चि. सुदर्शन यास,
अ. उ. आ.

हे पत्र डाकेने न टाकता भागूच्या जीपने पाठवते आहे. वाचून खाली बस.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. राजीनाम्याचं ऐकून यांनी रेडिओ बंद केला. बंद करताना वायर ओढली, आणि माझं लक्ष त्या वायरीच्या टोकाच्या काळ्या ठोकळ्याकडे गेलं. तो तुझ्या डब्याचा अडॅप्टर होता. संक्रांतीच्या सकाळी रेडिओचे सेल संपले म्हणून यांनी तो काढून रेडिओला लावला होता. तिथे नीट बसला, म्हणून तिथेच राहिला आणि हे विसरूनही गेले. सुदर्शन, संक्रांतीपासून तुझ्या डब्याला वीज नाही. त्यात कुणालाच काही दिसणं शक्य नाही, शकुबाईलाही नाही.

स्नेहलला ते ठाऊक होतं. डबा आपल्या हातून बिघडला असं वाटून ती गप्प बसली. मी तिला रागवणार होते, पण मी स्वतः आत काळोख बघून काय केलं? माझं माहेर आंबेगावचं नाही म्हणून गप्प बसले. तू जसंच्या तसं लिहायला सांगितलंस आणि मी तसंच लिहिलं, तरी सगळं खोटं निघालं. बायका काय ऐकायला येत होत्या हे मला आधी कळायला हवं होतं. मला फार वाईट वाटतं. कागद परत मिळत असेल तर आजच्या आज माग. आत्याबाईंना अजून काही विचारलेलं नाही, माझी जीभ रेटत नाही.

रागावलास तरी चालेल, अंतर देऊ नकोस.

तुझी अक्का,
इंद्रायणी


भोसरी,
ता. १९ फेब्रुवारी १९९८

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

भागू परवा संध्याकाळी आला आणि काल मी साहेबांच्या दारात दोन तास उभा होतो. कागद अजून वर गेला नव्हता. साहेबांनी विचारलं, मागे घ्यायचं कारण काय? माझ्या तोंडून निघालं, अडॅप्टर. त्यांनी कागद माझ्यासमोर फाडला. नोकरी राहिली. पप्पू माझ्याशी बोलत नाही, निळा गाळा तसाच अर्धा राहिलाय.

तुझ्यावर राग नाही. दाजींवर थोडा आहे, तो जाईल. पण माझा गोंधळ काही सुटत नाही. डबा बंद होता हे खरं आणि बायका एसटीने येत होत्या हेही खरं. मग माणसांना हवंय काय? रविवारी, एक तारखेला येऊन डबा घेऊन जातो. आत्याबाईंना एवढंच विचार की त्यांनी असं का केलं. भांडायला नाही, मला समजून घ्यायचंय.

आहे तो जिव्हाळा राहू दे.

तुझा,
सुदर्शन


ओतूर,
ता. २४ फेब्रुवारी १९९८

सुदर्शन पावणं यांना बयाबाईचा रामराम.

मी सांगती, स्नेहल लिहिती. शुद्ध करू नको म्हनून तिला दम दिलाय.

तुमी इचारलं, का केलं. लबाडी करायची म्हनून न्हाई केलं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. घरात कुनाला सांगितलं न्हवतं, सांगितलं की दवाखान्यात नेत्यात म्हनून. संक्रांतीला पोरींनी डबा लावला तर आत अंधार. मला वाटलं समद्यांना दिसतंय आन् मलाच दिसत न्हाई. दिसत न्हाई म्हनलं असतं तर डोळ्याचं फुटलं असतं. काय तरी सांगावं म्हनून तोंड उघडलं, तर आंबेगावच आलं. मग खरंच दिसाया लागलं. शकुबाईलाबी खोटी म्हनू नका, तिलाबी दिसलंच असंल.

गाव पान्यात गेल्यापास्नं मी त्याचं काढलं की घरातली उठून जात्यात. त्यांचंबी बरोबर हाय, तेच तेच किती ऐकायचं. डोळे मिटून बोलावं तर म्हनत्यात म्हातारी झोपंत बरळती. डबा लावला की समदी गप बसत्यात. इंद्रायणी तवा उतरवून माझ्यापाशी बसती. तिला काय बोलू नका. तिनं तुमच्यासाठी लई रडून घेतलं.

तुमची नोकरी माझ्यापायी जात व्हती हे कळलं, तवापास्नं मला भाकर गोड लागंना. ऱ्हायली, बरं झालं. दुकान चाललं असतं का, ते मला इचारू नका. माझा ल्योक हौशीराम न्हाई म्हनतो, शकुबाई व्हय म्हनती.

रयवारी या. डोळ्याचं आता फुटलंच हाय, तवा नारायणगावला दवाखान्यात जाईन, मी कबूल केलंय. वायर घेऊन जावा, कॅसेट घेऊन जावा, त्यो लाल चेंडूबी घेऊन जावा. डबा तेवढा ऱ्हाऊ द्या. बायांना मी समदं खरं सांगितलं, डबा बंद व्हता म्हनून, तरी काल सतराजनी आल्या. मी आजून फुटक्या पायरीवरच हाय. आई आत चुलीपाशी हाय, तिचा आवाज येतो, पन आत जायचं ऱ्हायलंय.

लोभ हाय तसा ठेवा. खाली माझा अंगठा हाय.

बयाबाई