गुरुवारी हॅमर बंद असतात

चिंचवड,
बुधवार, १४ नोव्हेंबर १९७९

चि. मृदुलास अनेक आशीर्वाद.

वरची ओळ वाकडी गेली. लिहिता लिहिता हात छातीकडे गेला. विशेष काही नाही.

गळ्यावरचा व्रण आता बारीक झाला आहे. वजन भरलं. हातातला कप बशीवर वाजत नाही. गळ्यातली गाठ काढली की छातीची धडधड थांबेल असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ती थांबली. "पुन्हा सुरू झाली तर एक दिवसही घालवू नका," असंही म्हणाले होते. तुझ्या भाऊजींनी कंपनीत पेढे वाटले. आता ते संध्याकाळी आल्यावर "कसं आहे?" विचारत नाहीत.

आमच्या चाळीमागे फोर्जिंगची शेड आहे, तुला माहीत आहे. तापलेलं लोखंड ठोकणारे तीन हॅमर. एक थांबला तर दुसरा पडतो. मांडणीवरची भांडी हलतात. उशीला कान लावला की धडधड ऐकू येते. माझी की शेडमधली, कळत नाही. नाडी बघ म्हणशील. बोटालाही हादराच लागतो.

मोशीच्या अंबुबाई दूध घालायला येतात. त्यांना सहज म्हटलं, छाती धडधडल्यासारखी वाटते.

"बाई, हितं भिताडं बी धडधडत्यात. तुमी काय येगळ्या हाय व्हय?"

हसले. दिवसभर बरं वाटलं.

गुरुवारी कारखान्यांना वीज नसते, गावाला असते. सगळ्या पट्ट्याला सुट्टी. हॅमर थांबतात. मग धडधड उरली तर ती माझीच. मागच्या गुरुवारी उठल्याबरोबर मी आळंदीचा हट्ट धरला. बसमध्ये मागच्या बाकावर बसले, हादरे खात. त्याआधीच्या गुरुवारी गावातल्या पिठाच्या गिरणीत बसून राहिले. तिथेही खडखडाट.

"दळण तर कालच आणलं होतंस," तुझे भाऊजी म्हणाले.

मी डबा पुसत राहिले.

उद्या गुरुवार. उद्या कुठे जाणार नाही.

मृदुला, मी खुशाली लिहायला बसले होते. आईला हे वाचून दाखवू नकोस.

तुझी,
उद्या घरीच राहणारी
ताई

गुरुवार, सकाळ.

पत्र पेटीत पडलं नाही, म्हणून खाली लिहिते. भोंगा झाला नाही. भांडी गप्प आहेत. चहा झाल्यावर ह्यांचा हात धरून छातीवर ठेवला. बराच वेळ त्यांनी तो काढला नाही. मग "चप्पल घाल," म्हणाले आणि रिक्षा आणायला गेले.