चौकटींचे बूट

चँडलर, १२ ऑक्टोबर २००५, दसरा. संध्याकाळ.

श्रीखंडाला कोणी हात लावला नाही. ईशाचा तो स्का, म्हणजे उड्या मारत नाचायची गाणी, गाणारा गायक परवा गेला, तेव्हापासून पोरगी धड जेवत नाही. आज त्याचे चाहते तो गायचा त्या क्लबबाहेरच्या पार्किंग लॉटमध्ये जमणार होते. सणाच्या दिवशी जायचं नाही, असं मी बजावलं. "तो आपला कोण लागतो?"

"नोबडी, आई. पण तो आमच्याबद्दल गायचा."

शेवटी मीच सोडायला गेले. मुलं काळ्या-पांढऱ्या चौकटींचे बूट घालून त्याच्या गाण्यावर नाचत होती आणि नाचतानाच रडत होती. मोठ्यांनी आखलेल्या आयुष्यात आमचा जीव गुदमरतो, असं काहीसं गाणं. ईशाला तोंडपाठ. सतरा वर्षांच्या मुलीची एवढी कसली तक्रार? आम्ही काय कमी केलं? की जास्तच...

परत आल्यावर तिने आपले तसलेच बूट गराजमध्येच काढले आणि दारात थांबली.

"आजोबा गेले तेव्हा सगळे आधी आंघोळ करून मग घरात वावरले. मी पण करू?"

आज दसरा आहे, हे ओठांवर आलं होतं. "कर," म्हटलं. "तोवर कशाला शिवू नकोस."

पाण्याचा आवाज केव्हाचा येतोय. बूट तिथेच आहेत, चारदा पाहून आले. टॉवेल तिने नेलेला नाही. तो घेऊन जाते. हाक मारायला निमित्त तरी होईल.