उजव्या कुशीचा आरसा

६ जानेवारी १९८४, शुक्रवार

बांगड्यांच्या मधे प्लास्टर गेलंय. नखानं कोरत कोरत लिहितेय.

आज ह्यांच्या अंगाचा साचा घेतला. जेवणाच्या टेबलावर चादर घालून! हॉस्पिटलात दिवसाला दोन-तीन घेते मी – वाकड्या पाठीच्या मुलांचे, पट्टे बनवायला. सतरा वर्षं हेच काम. पण घरच्या माणसाचा कधी घेतला नव्हता.

सगळं त्या हार्डविकमुळे. ह्यांच्या एक्स-रे खात्यातली मशिनं दुरुस्त करणारा इंग्रज. तो आणि त्याचे दहा-बारा दोस्त दर शुक्रवारी सबाह अल-सालेम वस्तीच्या पलीकडे वाळवंटात, रस्ता संपतो तिथं, चिलखतं घालून जुन्या काळच्या लढाया लढतात. तलवारी वेताच्या, पण फटके खरे. तो ह्यांना म्हणाला म्हणे, "तुमच्याकडचे लोक काय, नुसत्या पागोट्यावर लढत होते?" झालं! कधी आवाज न चढवणारा माणूस, आठ दिवस कागदावर चिलखतं काढत बसला. शेवटी ठरलं – चारआईना. चार पत्रे. एक छातीला, एक पाठीला, दोन दोन्ही कुशींना. आतून गोधडीसारखा जाड अंगरखा, तो मी शिवायचा.

"आईना कशाला म्हणतात?" मी विचारलं.

"घासून आरशासारखे लख्ख करत म्हणून."

सोळा मार्चला हार्डविकशी सामना आहे. पन्नासावं लागलंय ह्यांना, ते कोणी मोजत नाही.

हात वर धरून उभं राहिलं की घेरी येते म्हणाले, म्हणून निजवूनच घेतला साचा. उजव्या कुशीला, शेवटच्या बरगडीखाली, ओली पट्टी सारखी उचलत होती. तिथं तळहात दाबून धरला, सुकेपर्यंत. सुकताना प्लास्टर गरम होतं. डोळे मिटूनच म्हणाले, "लग्न झाल्यापासून एवढा वेळ हात ठेवला नव्हतास."

चावट!

९ जानेवारी

साचा भरला होता, आज फोडून आतलं धड मोकळं केलं. मान नाही, हात नाहीत. छाती, पोट, पाठ – हुबेहूब. डाव्या खांद्यावरचा लहानपणीचा व्रणसुद्धा उतरलाय.

उजव्या कुशीला एक उंचवटा आला होता. पट्टीची घडी पडली असणार. कानशीनं घासून टाकला, डाव्या बाजूसारखा सपाट केला. कामाची सवय. आमच्याकडे शिकवतातच – डावं-उजवं सारखं करा.

१३ जानेवारी, शुक्रवार

धड चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर आडवं ठेवलं आणि शुवेखला, कारखान्यांच्या भागात, पुंडलिककडे निघालो. डिसेंबरात इथल्या वकिलातींवर स्फोट झाले, तेव्हापासून जागोजागी गाड्या तपासतात. पोरगेला पोलीस होता. त्यानं काच खाली करायला लावली, चादरीकडे बोट दाखवलं आणि अगदी हळू विचारलं – "मय्यत?"

हा शब्द आपल्याकडेही तोच. हे हसायला लागले, "ला, ला! जिब्स! मुस्तश्फा!" – अरबीत नाही, प्लास्टर, हॉस्पिटल. पोलिसानं चादर उचलली, प्लास्टरवर टिचकी मारली, तोही हसला. मला हसू आलं नाही.

पुंडलिक कुडाळकडचा. एअरकंडिशनच्या डक्टचं काम करतो, पत्र्यात त्याचा हात धरणारा नाही. दोन वर्षांपूर्वी मनगट मोडून माझ्याकडे आला होता, तेव्हापासूनची ओळख. शुक्रवारी वर्कशॉपात एकटाच असतो. धड बघून खूश झाला. "साह्यबांचा प्वॉट पण इला हां!" मग सहज विचारलं, "उभ्यान घेतलात मा माप?"

मी सांगितलं, निजवून.

हातातली फूटपट्टी खाली ठेवली त्यानं.

"वयनी, निजवून माप मढ्याचा घेतत. जित्या माणसाचा घेवचा नसता."

हे म्हणाले, "मग ही हॉस्पिटलात रोज मढीच मोजते म्हण की!" पुंडलिक हसला नाही. धडावर कागद लावून चारही पत्र्यांचे फर्मे कापले आणि म्हणाला, "ह्या परत घेवन जावा. हंय ठेवचा नाय मी." निघताना मला बाजूला घेऊन कुजबुजला, "भियाव नकात. मी कामात एक खोट ठेवतंय. खोट आसली काय माप खरा रवना नाय. खऱ्या मापाचोच तो धनी होता."

कोण धनी, ते मी विचारलं नाही.

२० जानेवारी

धड हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारी. माझी जुनी जांभळी साडी टाकलीय वरून. शर्मिला मैत्रिणींना घरी आणत नाही. "आई, इट्स क्रीपी. इट लुक्स लाइक बाबा इज इन ट्रबल." मी म्हटलं, मराठीत बोल. तर म्हणाली, "मराठीत आणखी वाईट वाटेल."

पंधरा वर्षांची आहे. कधीकधी नको इतकं बरोबर बोलते.

२९ जानेवारी

संध्याकाळी स्वयंपाकघरातून "चहा टाकू का?" म्हणून विचारलं. उत्तर नाही. बाहेर येऊन परत विचारलं. हे ड्युटीवर होते. मी कोपऱ्याला विचारत होते.

७ फेब्रुवारी

धड महिन्यात खडखडीत सुकायला हवं. सुकलंही आहे. फक्त उजवी कूस, जिथं घासलं तिथं, थंड. गाल लावून बघितलं. ओल आहे. बाकी सगळीकडे खडू, तेवढ्या जागी ओल. घासल्यानं वरची साय गेली, म्हणून आतली ओल वर येत असेल. असंच असेल.

साडी सारखी केली आणि लांब जाऊन बसले. काम हातात – अंगरख्याचे दोरे. चार थर कापूस. चारचे सहा करणार आहे. उकडेल म्हणतात, उकडू दे.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्रे आले! पुंडलिक कंपनीच्या पिकअपमधून आला, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, म्हणून खालूनच पोतं दिलं. वर बोलावलं तर मान हलवली. "खोट ठेवलंय हां वयनी. खंय ता इचारू नकात. सांगल्यार उपेग नाय. साह्यब लढान झाले काय सांगतंय."

वर येऊन पोतं उघडलं. छाती, पाठ, डावी कूस – सगळ्यांवर हातोडीचे बारीक घाव, माशाच्या खवल्यांसारखे, वरून घासून लख्ख. आणि उजव्या कुशीचा पत्रा – त्यावर फुगवटा! शेवटची बरगडी येते त्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला फुगलेला. म्हणजे हीच ती खोट. मी घासल्याची खूण धडावर दिसली असेल त्याला, म्हणून तीच जागा निवडली. आणि काय हात! त्या फुगवट्यावर घावाची एक खूण नाही. वाटीसारखा गुळगुळीत.

ह्यांना चढवलं. वाटलं, फुगवटा लटकेल, हलेल. नाही. अंगावर ओतल्यासारखा बसला. "वा! पोटाला जागा ठेवली पठ्ठ्यानं," म्हणाले आणि आरशासमोर उभे राहिले. छातीच्या पत्र्यात आरसा दिसत होता, आरशात पत्रा. मधे माणूस कुठं होता, शोधावं लागत होतं.

२४ फेब्रुवारी

पहिला सराव. मी गाडीतच बसले. हेल्मेटं घातल्यावर माणसं ओळखू येत नाहीत, सगळे एकाच चालीनं चालतात. वेताचा आवाज पत्र्यावर – दूर कोणीतरी भांडी आपटावीत तसा. वाळूत आवाज घुमत नाही. आला की संपतो.

परतताना म्हटलं, नका जाऊ सोळाला. "का? पुंडलिकच्या मढ्यामुळे?" मी म्हटलं, हो.  मग म्हणाले, "तारा, वीस वर्षं काळोखात उभा राहून लोकांचे फोटो काढतोय. श्वास घ्या, धरा, सोडा. एकदा उजेडात मार खाऊ दे मला."



२ मार्च

जेवण कमी झालंय ह्यांचं. उजवीकडे जड वाटतं म्हणाले. गॅस. ओवा दिला.

९ मार्च

आज लक्षात आलं – हार्डविक डावखुरा आहे. त्याचे सगळे फटके समोरच्याच्या उजव्या कुशीवर पडतात.

कापूस उसवून तिथं आणखी दोन थर भरायला गेले. ह्यांनी थांबवलं, "आता मावत नाही ग. तिथं आधीच घट्ट आहे."

१६ मार्च, शुक्रवार

संपलं. घरी आहोत, हे अंघोळ करताहेत, पाण्याचा आवाज येतोय. येऊ दे.

आपली वीसेक माणसं आली होती. डबे, सतरंज्या, जणू सहलच. कोणीतरी ह्यांच्याकडे बघून ओरडलं, "जगन्नाथराव, नाक जपा, पागोट्याची काळजी नको!" वारा सुटला, धूळ आली, पिवळा काळोख. त्या धुळीत दोघं. हार्डविक उंच, लोखंडी डबा. हे ठेंगणे, चार आरसे. फटके मोजत होते मी. सात बसले उजव्या कुशीवर. सातही फुगवट्यावर. सातव्याला हे गुडघ्यावर बसले.

मी धावले. साडी पायात आली. पोचते तर हे वाळूत बसून हसताहेत! "काही लागलं नाही. फटका आत येतच नाही. चहूकडे पांगतो." मग उठून त्यांनी हार्डविकला असा एक दिला खांद्यावर की त्याचा डबा वाजला. बरोबरी जाहीर केली. हार्डविकनं वाकून सलाम केला, म्हणाला, पागोट्याचं बोललो ते मागे घेतो.

पत्र्यावर वेताचे सात ओरखडे. पोचा एकही नाही.

१७ मार्च

पत्रे पुसले. म्हटलं, आता धडावर चढवून ठेवावेत, बरे दिसतील. साडी काढली. छातीचा बसला. पाठीचा बसला. डावा बसला.

उजवा बसेना. फुगवट्याखाली पोकळी. तीन बोटं आत गेली, चार गेली, अख्खा हात गेला.

असंच व्हायला हवं ना. खोट आहे ती. धडाला ती लागणारच नाही.

मग ह्यांच्या अंगावर ती ओतल्यासारखी कशी बसली?

हे दुपारचे पडले होते, उताणे. मी सदरा वर केला. शेवटच्या बरगडीखाली हात ठेवला. एरवी मऊ असतं तिथं. तळहाताखाली घट्ट, गोल. श्वासाबरोबर वर येतं, खाली जातं.

सहा जानेवारीला ह्याच हाताखाली पट्टी उचलत होती. पट्टी नव्हती उचलत.

उंचवटा आला होता साच्यात. साच्यानं सांगितलं होतं. घासला कोणी? मी. सतरा वर्षं वाकडी माणसं मोजणारी मी, डावं-उजवं सारखं केलं!

२१ मार्च

सोनोग्राफी झाली. ह्यांच्याच खात्यात. रोज हे दुसऱ्यांना म्हणतात ते आज दुसरे ह्यांना म्हणाले – श्वास घ्या, धरा.

डॉ. अशरफ सर्जन आहेत, हैदराबादचे. बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले. कॅन्सर नाही. लिव्हरमधे पाण्याची पिशवी आहे, किड्याची. मेंढ्या-कुत्र्यांकडून येते, इथं बघतो आम्ही. नारळाएवढी. काढता येईल. मग विचारलं, "मॅडम, गिरे थे क्या? कहीं मार तो नहीं लगा?"

मी लढाईचं सांगितलं. ते आधी हसले. मग हसणं थांबलं. "ये थैली फूट जाती ना, तो अंदर का पानी जहर है. पाँच मिनट भी नहीं मिलते हमको." मी म्हटलं, तिथं फुगवटा होता पत्र्याला, फटका कडेनं बरगड्यांवर जात होता. "और सीधा होता तो?"

त्यांनीच विचारलं आणि उठून आत गेले.

सपाट असता तर. माझ्या धडासारखा.

२८ मार्च

आठला आत नेलं, पावणेएकला बाहेर. अख्खी निघाली, फुटली नाही. शर्मिला माझा हात धरून होती आणि मराठीत बोलत होती.

१० एप्रिल

घरी आलो. वरणभात, दोन घास जास्त. धडावर परत साडी टाकली. ती जागा आज कोरडी आहे.

१३ एप्रिल, शुक्रवार

पुंडलिक बघायला आला. मी त्याच्या पाया पडायला वाकले तर दोन पावलं मागे सरला. "काय करतास वयनी!" मी म्हटलं, तुझ्या खोटीनं वाचवलं ह्यांना. तो खूश झाला. "आता सांगूक हरकत नाय." पाठीचा पत्रा उलटा केला. "हंय पट्ट्याक पाच रिवेट होये. मी चारच मारलंय. ती खोट."

मोजले. चार.

"आणि हा?" म्हणून उजव्या कुशीचा पत्रा त्याच्या हातात दिला. त्यानं फुगवट्यावरून अंगठा फिरवला, आतून फिरवला. मग भाजल्यासारखा खाली ठेवला. "ह्यो माझ्या हातचो न्हय. मी सपाट केलेलंय. तुमच्या साच्यापरमाणा." चहा न घेताच गेला.

हे झोपलेत. पत्रा मांडीवर घेऊन बसलेय. सगळीकडे हातोडीचे घाव बोटाला लागतात, फुगवट्यात लागत नाहीत. सहा जानेवारीला ओल्या पट्टीवर धरला होता, तोच तळहात आतून ठेवून बघितला.

माझा बसतो.